विश्लेषण : जुन्या मोटारीचे इंजिन ‘मिसिंग’ का मारते? दोष नेमका शोधायचा कसा?

सिग्नलला उभी असताना गाडी थरथरते, चढावर झटके देते, सायलेन्सरमधून ‘फट् फट्’ असा तुटक आवाज येतो. गॅरेजच्या भाषेत गाडी ‘मिसिंग मारते’. जुनी मोटार बाळगणाऱ्यांच्या ओळखीची ही तक्रार. त्यावर बहुतेकदा प्लग बदलला जातो, मग वायरी, मग कॉइल, मग कार्बोरेटर. बिल वाढत जाते आणि गाडी तशीच राहते. पंधरा वर्षांपुढील मोटारींची फेरनोंदणी महागली आहे, पंपांवर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल आले आहे. अशा वेळी अंदाजाने सुटे भाग बदलणे परवडणारे नाही. मिसिंगचा दोष पायरीपायरीने कसा शोधायचा, याचा हा आढावा.

मिसिंग म्हणजे नेमके काय?

पेट्रोल इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरमध्ये हवा आणि पेट्रोलचे मिश्रण येते, ते दाबले जाते, प्लगच्या ठिणगीने पेटते आणि त्याच्या रेट्याने पिस्टन खाली जातो. एखाद्या सिलिंडरमध्ये हे पेटणे झालेच नाही किंवा अर्धवट झाले, तर त्याला मिसफायर म्हणतात. ‘मिसिंग’ हा त्याचाच बोलीतला अवतार.

चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. म्हणजे इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर एकेक सिलिंडर सेकंदाला २५ वेळा पेटायला हवा. त्यातला एखादा ठोका चुकला तर कळतही नाही, पण चुका वाढल्या की गाडी हादरू लागते. डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेल्या आणि जानेवारी २०१४ मध्ये उत्पादन थांबलेल्या मारुती ८०० ला तीनच सिलिंडर. त्यातला एक निकामी झाला की एक तृतीयांश ताकद गेली. त्यामुळे अशा गाडीत मिसिंग लगेच जाणवते. चार सिलिंडरच्या गाडीत ते बराच काळ ‘पिकअप थोडा कमी झालाय’ एवढ्यावरच खपून जाते.

पेटण्यासाठी तीन गोष्टी लागतात : वेळेवर आणि पुरेशा ताकदीची ठिणगी, योग्य प्रमाणातले मिश्रण आणि पुरेसा दाब. मिसिंगचे कोणतेही कारण या तिन्हींपैकी एकात बसते. शोधही याच क्रमाने घ्यावा, कारण ठिणगीचे दोष जास्त आढळतात, तपासायला सोपे असतात आणि दुरुस्तीला स्वस्त.

दुर्लक्ष केल्यास नुकसान काय?

न पेटलेले पेट्रोल नाहीसे होत नाही. काही भाग सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून इंजिन ऑइलमध्ये मिसळतो आणि ऑइल पातळ करतो. उरलेला सायलेन्सरकडे जातो. तेथे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असेल, तर हे पेट्रोल त्याच्या आत जळते, तापमान प्रमाणाबाहेर वाढते आणि आतली मधाच्या पोळ्यासारखी जाळी वितळते किंवा फुटते. चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना एप्रिल १९९५ पासून कन्व्हर्टर सक्तीचा झाला, त्यामुळे त्यानंतरच्या अनेक जुन्या गाड्यांतही तो आहे. प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांसारख्या मौल्यवान धातूंमुळे तो महाग असतो. काही शेकड्यांच्या प्लगकडे केलेले दुर्लक्ष अशा रीतीने हजारोंच्या खर्चावर जाते. जाळी फुटून अडकली तर धुराची वाट बंद होते आणि गाडी वेगच घेत नाही.

दुसरा फटका पीयूसीचा. चाचणीत कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोकार्बन, म्हणजे न जळलेले इंधन मोजले जाते. चारचाकी पेट्रोल गाडी भारत स्टेज दोनच्या आधीची असेल तर हायड्रोकार्बनची मर्यादा १,५०० पीपीएम, स्टेज दोन-तीनची असेल तर ७५० आणि स्टेज चारपासून पुढे २०० पीपीएम आहे. एक सिलिंडर सतत मिस होत असेल तर हा आकडा ओलांडला जाण्याची शक्यता मोठी.

मिसिंग कधी होते, यावरून काय कळते?

बोनेट उघडण्याआधी हे प्रश्न विचारावेत. चांगला मेकॅनिक ते विचारतोच.

फक्त आयडलिंगला थरथर आणि रेस दिल्यावर गाडी गुळगुळीत होत असेल, तर इनटेकमध्ये कुठून तरी जादा हवा शिरत असण्याची, कार्बोरेटरचा स्लो जेट तुंबल्याची किंवा टॅपेट घट्ट बसल्याची शक्यता असते. सपाट रस्त्यावर ठीक, पण घाटात, वरच्या गिअरमध्ये भार पडल्यावर झटके बसत असतील तर संशय ठिणगीवर. भाराखाली सिलिंडरमधला दाब वाढतो आणि दाबलेल्या मिश्रणातून ठिणगी उडायला जास्त व्होल्टेज लागते. दुबळी वायर किंवा कॉइल नेमकी तेथेच हार मानते. फक्त वरच्या वेगाला गाडी अडखळत असेल तर पेट्रोल पुरत नाही : फिल्टर किंवा पंप पाहावा. पावसात किंवा गाडी धुतल्यावरच त्रास होत असेल तर ओलावा शोधावा. थंड इंजिनाला त्रास आणि गरम झाल्यावर बरे, किंवा त्याच्या उलट, हीसुद्धा महत्त्वाची खूण. कॉइल आणि इग्निशनचे इलेक्ट्रॉनिक भाग गरम झाल्यावर बंद पडतात आणि गार झाल्यावर पुन्हा शहाण्यासारखे वागतात.

इंजिनाचे तुटलेले माउंटिंगही मिसिंगसारखी थरथर देते. आवाज एकसारखा आहे आणि ताकद पूर्ण आहे, तरी गाडी हादरते, असे असेल तर आधी माउंटिंग पाहावे.

सुरुवात कोठून करायची?

पहिला प्रश्न ‘काय बिघडले’ हा नसून ‘कोणता सिलिंडर’ हा आहे. इंजिन आयडलिंगला ठेवून एकेका सिलिंडरचे काम काही क्षण बंद करायचे. चालू सिलिंडर बंद केला की फेरे घटतात, थरथर वाढते. ज्याला बंद केल्याने काहीच फरक पडत नाही, तो आधीच मेलेला. सगळ्यांत सारखाच फरक पडत असेल तर दोष एका सिलिंडरचा नसून सामाईक आहे : कॉइल, रोटर, कार्बोरेटर, फ्युएल पंप किंवा टायमिंग.

यात दोन काळज्या आवश्यक आहेत. प्लगच्या वायरीत हजारो व्होल्ट असतात. चालू इंजिनावर ती हाताने उपटणे धोक्याचे असते, इन्सुलेशन असलेला चिमटा वापरावा. पेसमेकर असलेल्या व्यक्तीने हे काम करूच नये. शिवाय इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या गाडीत वायर हवेत लटकत ठेवली तर ठिणगी बाहेर पडायला वाट शोधते आणि कॉइल किंवा इग्नायटर जळू शकतो. म्हणून वायरीच्या टोकाला जादा प्लग लावून त्याचा धातूचा भाग इंजिनाला टेकवावा. एमपीएफआय गाडीत त्याहून सोपी युक्ती म्हणजे त्या सिलिंडरच्या इंजेक्टरचा कनेक्टर काढणे. त्यात करंटचा धोका नाही आणि कच्चे पेट्रोल कन्व्हर्टरमध्येही जात नाही.

प्लग काय सांगतो?

इंजिन गार झाल्यावर सगळे प्लग काढून सिलिंडरच्या क्रमाने ओळीत ठेवावेत. टोक फिकट तपकिरी असेल तर सारे ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. तेलकट काळा थर म्हणजे ऑइल वर येते आहे, रिंगांमधून किंवा व्हॉल्व्हच्या सीलमधून. पांढरट, भाजल्यासारखे टोक म्हणजे मिश्रण पातळ किंवा प्लग चुकीच्या उष्णता श्रेणीचा. पेट्रोलने ओला आणि वास मारणारा प्लग म्हणजे इंधन आले, पण पेटले नाही. तेथे ठिणगी किंवा दाब यांपैकी एक गायब आहे.

चिनी मातीच्या भागावर पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली, तर ठिणगी आत न उडता बाहेरून पळते आहे. असा प्लग घासून सुधारत नाही, बदलावाच लागतो. गॅपही मोजावी. ती गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते. प्लग झिजला की गॅप वाढते, गॅप वाढली की जास्त व्होल्टेज लागते आणि त्याचा ताण कॉइलवर पडतो.

ठिणगीचा दोष कसा पकडायचा?

बॅटरीचे १२ व्होल्ट कॉइलमध्ये हजारो व्होल्ट होतात, डिस्ट्रिब्युटरमधला रोटर ते क्रमाने एकेका वायरीला वाटतो आणि वायर प्लगला पोहोचवते. या वाटेवर कुठेही गळती असू शकते. सर्वात जुना आणि बिनखर्चाचा उपाय म्हणजे रात्री अंधारात बोनेट उघडून इंजिन चालू ठेवणे. वायरी फुटल्या असतील तर निळसर ठिणग्या नाचताना दिसतात. पाण्याचा बारीक फवारा वायरींवर मारला की दडलेली गळतीही उघडी पडते. पावसाळ्यातल्या मिसिंगचे गुपित बहुधा हेच असते. डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमध्ये दमट हवा साचते, कॅपला केसाएवढी चीर असते आणि करंट त्या वाटेने निघून जातो. कॅप काढून कोरड्या फडक्याने पुसली की गाडी तात्पुरती सुरळीत होते. मात्र चीर असेल तर कॅप बदलावी.

कॉन्टॅक्ट पॉइंटच्या गाड्यांचे तंत्र वेगळे. मुंबईत ऑक्टोबर २०२३ मध्ये टॅक्सी म्हणून निवृत्त झालेली प्रीमियर पद्मिनी ही त्यातली सर्वांच्या आठवणीतली. या गाड्यांत पॉइंटची टाच झिजते, त्यामुळे गॅप कमी होते आणि ठिणगीची वेळही सरकते. कंडेन्सर कमकुवत झाला की पॉइंटवर खड्डे पडतात, ते लवकर जळतात. अशा वेळी नुसते पॉइंट घासून भागत नाही, कंडेन्सरही बदलावा लागतो.

वायर खराब आहे की प्लग, हे ठरवण्याचा खात्रीचा मार्ग अदलाबदलीचा आहे. समजा, १९९७ सालची कार्बोरेटरची मारुती ८०० आहे. सकाळी थरथरते, घाटात तिसऱ्या गिअरला झटके देते. तपासणीत दोन क्रमांकाचा सिलिंडर मेलेला आढळतो. एक आणि तीनचे प्लग तपकिरी, दोनचा ओला. आता दोन आणि तीनच्या प्लगची अदलाबदल केली. दोष दोनवरच राहिला, म्हणजे प्लग निर्दोष. मग त्याच दोन सिलिंडरच्या वायरी बदलून पाहिल्या. वायरीची दोन्ही टोके हलवायची, म्हणजे कॅपवरचा फायरिंगचा क्रम बिघडत नाही. लांबी पुरत नसेल तर दुसऱ्या गाडीची चांगली वायर वापरायची. आता दोन सुधारला आणि तीन मिस होऊ लागला. दोष वायरीबरोबर गेला, म्हणजे दोषी वायरच. मल्टिमीटरने ओम मोजले तर बाकीच्या वायरी लांबीच्या प्रमाणात जवळपास सारखा आकडा दाखवतील आणि ही मात्र तुटलेली. येथे कार्बोरेटर ओव्हरहॉल केला असता तर पैसे गेले असते आणि दोष राहिला असता.

एक वायर गेली असेल तर पूर्ण संच बदलणे शहाणपणाचे, कारण बाकीच्याही त्याच वयाच्या असतात. ज्या गाड्यांत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल आहे, तेथे हीच अदलाबदल कॉइलची करावी.

पेट्रोल आणि हवेचे काय?

ठिणगी चांगली असेल तर मिश्रणाकडे वळावे. पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते. हवा फार वाढली तर ठिणगी पडूनही मिश्रण पेटत नाही. जुन्या गाडीत व्हॅक्यूमचे रबरी पाइप कडक होऊन तडकतात, कार्बोरेटर किंवा मॅनिफोल्डखालचे गॅस्केट बसते आणि तेथून मोजणीबाहेरची हवा आत जाते. कान लावला तर ‘सूं’ असा आवाज येतो. संशयित पाइप चिमट्याने दाबून धरला आणि आयडलिंग बदलले, तर गळती सापडली. कार्ब क्लीनरचा फवारा मारून गळती शोधण्याची पद्धत अनेक ठिकाणी रूढ आहे, पण गरम इंजिनावर आणि फुटलेल्या वायरींजवळ त्याने आग लागू शकते. त्यापेक्षा साबणाचे पाणी बरे.

कार्बोरेटरमध्ये स्लो जेटचे छिद्र कचऱ्याने बुजते. ते क्लीनर आणि हवेच्या प्रेशरने साफ करावे. तार घातली तर छिद्र मोठे होते आणि गाडी कायमची पेट्रोल पिऊ लागते. एमपीएफआय गाडीत मेलेल्या सिलिंडरचा इंजेक्टर ‘टिकटिक’ करतो का, हे लांब स्क्रूड्रायव्हर टेकवून, दांड्याला कान लावून ऐकता येते. आवाज नसेल तर कनेक्टर, वायरिंग किंवा इंजेक्टरची गुंडाळी तपासावी.

इथेनॉलचा मुद्दा येथे येतो. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असल्याने ते जळायला सुमारे नऊ पट हवाच पुरते. त्यामुळे २० टक्के मिश्रणाच्या पेट्रोलला साधारण साडेतेरा पट हवा लागते. ऑक्सिजन सेन्सर असलेली गाडी त्यानुसार इंधन वाढवून घेते. कार्बोरेटरच्या जेटला मात्र ते कळत नाही. त्याचे मिश्रण तेवढे पातळ होते आणि आधीच हवेची गळती असेल तर मिसिंग सुरू होते. इथेनॉल पाणीही शोषून घेते. महिनोन्महिने उभ्या गाडीच्या टाकीत पाणी जास्त झाले, तर पाणी आणि इथेनॉल वेगळे होऊन तळाशी बसतात आणि पंप तेच उचलतो. अशा वेळी टाकी रिकामी करून फिल्टर बदलण्याला पर्याय नाही. जुने रबरी होज आणि गॅस्केट यांची तपासणीही त्याच वेळी करून घ्यावी.

सीएनजीवरच मिस होते, पेट्रोलवर नाही, असे का?

नंतर किट बसवलेल्या अनेक गाड्यांची ही तक्रार. सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा जोरकस ठिणगी लागते. त्यामुळे वायर किंवा प्लग अर्धवट खराब असेल, तर पेट्रोलवर निभावते आणि सीएनजीवर उघडे पडते. किटवाल्याकडे जाण्याआधी प्लग आणि वायरी तपासाव्यात. दुसरे म्हणजे, सीएनजी कोरडे असते. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बैठक हळूहळू झिजते, व्हॉल्व्ह आत सरकतो आणि टॅपेटची गॅप कमी होत जाते. शेवटी व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नाही आणि जळतो. टॅपेट वाजत नाही म्हणजे सारे छान, हा समज येथे महागात पडतो.

दाब कमी असेल तर?

ठिणगी आहे, पेट्रोल आहे, तरी सिलिंडर मेलेला, तर कॉम्प्रेशन गेज लावावा. इंजिन गरम करावे, सर्व प्लग काढावेत, इग्निशन आणि इंधनपुरवठा बंद करावा आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर फिरवावा. धडधाकट पेट्रोल इंजिनात आकडा साधारण १५० ते १८० पीएसआय येतो. नेमका आकडा पुस्तिकेत पाहावा. त्याहून महत्त्वाचा आहे सिलिंडरांमधला फरक. तो १०-१५ टक्क्यांपलीकडे नको.

कमी दाबाच्या सिलिंडरमध्ये प्लगच्या छिद्रातून चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजावे. आकडा चढला तर रिंगा झिजल्या आहेत, कारण ऑइलने फट तात्पुरती बुजली. चढला नाही तर व्हॉल्व्ह गळतो आहे. शेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी असतील तर त्यांच्या मधले हेड गॅस्केट फुटल्याचा संशय. रेडिएटरचे पाणी कमी होणे, त्यात बुडबुडे येणे, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर ही त्याची जोडीची लक्षणे. मात्र व्हॉल्व्हचा दोष निघाला तर हेड उतरवण्याआधी टॅपेटची गॅप तपासावी. कधी कधी केवळ घट्ट टॅपेट सैल केल्याने दाब परत येतो.

स्कॅनर सगळे सांगतो का?

भारतात स्टेज चारच्या गाड्यांमध्ये ओबीडीचा पहिला टप्पा २०१० मध्ये आणि दुसरा २०१३ मध्ये आला. त्यानंतरच्या गाड्यांत स्कॅनर ‘पी०३००’ दाखवत असेल, तर मिसिंग वेगवेगळ्या सिलिंडरमध्ये होते आहे. ‘पी०३०१’ म्हणजे पहिला सिलिंडर, ‘पी०३०२’ म्हणजे दुसरा. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर कन्व्हर्टरला इजा होण्याइतके मिसिंग आहे, गाडी रेटू नये.

पण कोड सिलिंडर सांगतो, कारण नाही. उलट तो फसवूही शकतो. न पेटलेल्या सिलिंडरमधला ऑक्सिजन जसाच्या तसा बाहेर पडतो, ऑक्सिजन सेन्सरला मिश्रण पातळ वाटते आणि संगणक आणखी पेट्रोल ओततो. स्कॅनरवर सेन्सरचा कोड दिसतो, सेन्सर बदलला जातो आणि दोष मात्र प्लगच्या वायरीत असतो.

दुरुस्ती करायची की गाडी मोडीत काढायची?

हा निर्णय निदानानंतरचा आहे, आधीचा नाही. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि तपासणीनंतर पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. हे शुल्क एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांपुढील मोटारींसाठी १०,००० रुपये करण्यात आले. दोष प्लग, वायर, कॅप, जेट, व्हॅक्यूम पाइप किंवा टॅपेटचा निघाला, तर दुरुस्ती सहसा त्याहून बरीच स्वस्त पडते. हेड उतरवण्याची वेळ आली तर खर्च वाढतो, पण बॉडी शाबूत असेल तर हिशेब बसू शकतो. रिंगा झिजल्या आणि पत्राही गंजलेला असेल, तर मात्र पैसे घालण्यापूर्वी विचार करावा.

गॅरेजमध्ये गाडी देताना ‘मिसिंग काढा’ एवढे सांगून थांबू नये. मिसिंग केव्हा होते ते सांगावे, कोणता सिलिंडर मेला आहे ते विचारावे, प्लग काढून दाखवायला सांगावे आणि बदललेला भाग परत मागावा. काम झाल्यावर ज्या चढावर गाडी झटके देत होती, त्याच चढावर ती चालवून पाहावी. आणि बरेच दिवस मिस होत असलेल्या गाडीचे इंजिन ऑइलही त्याच फेरीत बदलून घ्यावे, कारण त्यात पेट्रोल मिसळलेले असण्याची शक्यता असते.